दारूपेक्षा बरं

बंदरावरच्या मोठ्या क्रेनमध्ये बसणाऱ्या माणसाचा चेहरा खालच्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतो. सकाळी तो शिडीनं वर जातो तेव्हा पाठ दिसते, संध्याकाळी उतरतो तेव्हाही पाठच. मधला सगळा वेळ तो आभाळात टांगलेल्या एका काचेच्या खोलीत मान खाली घालून बसलेला असतो. खोलीची जमीनसुद्धा काचेची, कारण त्याला जे बघायचं ते त्याच्या दोन पायांच्या मधून दिसतं. जहाजाच्या पोटातला अंधार, त्यातून वर येणारा खोलीएवढा लोखंडी कंटेनर, आणि धक्क्यावर थांबलेल्या ट्रकची रिकामी पाठ. त्या पाठीवर कंटेनर असा टेकवायचा की ट्रकवाल्याच्या कपातला चहा हिंदकळता कामा नये. हे ज्यांना जमायचं त्यांत पतंगरावांचं नाव पहिलं निघे.

पतंगराव हे नाव त्यांना शिट्टीनं दिलं. शिट्टी म्हणजे क्रेनच्या खाली उभं राहून इशारे देणारा त्यांचा जोडीदार. वायरलेस आल्यावरही त्यानं गळ्यातली जुनी शिट्टी काढली नव्हती, म्हणून तो शिट्टी. "सकाळी उडवायचा, संध्याकाळी उतरवायचा, आणि दिवसभर दोर माझ्या हातात," असं तो चारचौघांत सांगायचा. हे नाव इतकं रुळलं की साहेबलोकही पतंगराव म्हणू लागले, आणि घरच्या बाईंना आपोआप सगळे पतंगवहिनी. वहिनींना ते मुळीच आवडायचं नाही. "पतंगाचं काय, कटला की गेला," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या म्हणण्याला कारण होतं.

कारण म्हणजे दारू. तरुणपणी पतंगराव कामावरून उतरले की गेटासमोरच्या बारमध्ये शिरायचे आणि तिथून धड पायांनी क्वचितच बाहेर पडायचे. घरापर्यंत आले तर जिन्यात बसायचे आणि बसल्या जागी आडवे व्हायचे. दारू प्यायलेला त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. ते नुसते पडून असायचे. इमारतीतली माणसं त्यांना ओलांडून वरखाली करायची, आणि ओलांडताना एखादं कुणी हळूच "सॉरी" म्हणायचं. त्या सॉरीनं वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या खाली यायच्या, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवायच्या, आणि मागून त्यांची लहान लेक बापाच्या चपला दोन हातांत धरून चालायची.

एका सकाळी आदल्या दिवसाची पुरती उतरलेली नसताना पतंगराव वर चढले. कंटेनर ट्रकवर टेकवताना हात जड पडला आणि तो पाठीऐवजी ट्रकच्या तोंडावर बसला. ड्रायव्हरची केबिन रिकाम्या डब्यासारखी चेपली. आत कुणी नव्हतं. ड्रायव्हर आडोशाला लघवी करायला गेला होता. तो परत आला, त्यानं केबिनकडे बघितलं आणि हसत सुटला, हसता हसता खालीच बसला. सगळ्या यार्डाला ते हसू लागलं. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला भेटले की "वेळेवर लागली रे तुला," म्हणून पाठीवर थाप मारायचे. चौकशीत ब्रेकवर ठपका आला आणि प्रकरण मिटलं. पतंगराव मात्र एकदाही हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी दारूच्या नावानं कानाला खडा लावला.

सोडली, पण ती सुटताना अंग सोडत नव्हती. हात थरथरायचे, पाठीवरून घामाच्या धारा, तोंडात माती भरल्यासारखं. वहिनी समोर बसून बघत होत्या. काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी लेकीच्या दप्तरात हात घातला. संत्र्याच्या चवीची एक गोळी सापडली. कागद काढून त्यांनी ती नवऱ्याच्या तोंडात टाकली. गोळी विरघळत गेली तसे हात हळूहळू थांबले.

"अजून आहे?" पतंगरावांनी विचारलं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून नवऱ्याला बरं वाटावं असं पहिल्यांदाच काही घडलं होतं.

तिथून घरात गोडाला मोकळं रान मिळालं. वहिनी बरण्या भरून गोळ्या आणायच्या. चहात तीन चमचे साखर, चहासोबत क्रीमची बिस्किटं, जेवणानंतर जॅमचा एक चमचा नुसताच. पतंगराव वर जाताना खिसे फुगलेले आणि उतरताना चपटे. परदेशी जहाजांवरचे स्वयंपाकी त्यांना ओळखू लागले होते, ते आटवलेल्या गोड दुधाचे डबे भेट म्हणून द्यायचे. त्या डब्याला दोन भोकं पाडून पतंगराव ते थेट तोंडाला लावायचे. कुणी टोकलं की घरातून, यार्डातून, शेजारून एकच उत्तर यायचं: "दारूपेक्षा बरं." लेकसुद्धा तेच म्हणायची. ती आता मोठी होत होती, आणि मैत्रिणींना घरी बोलवायला लाजत नव्हती. जिना मोकळा होता, आणि त्यापुढे चार गोळ्यांचं कुणाला काय वाटणार?

एकदा बदलीवर आलेला दुसरा ऑपरेटर वरून वायरलेसवर ओरडला, "अरे, केबिनमध्ये मुंग्या आहेत!" खाली कुणाचा विश्वास बसेना. एवढी उंच शिडी, समुद्राचा वारा, आणि मुंग्या? शिट्टी वर जाऊन बघून आला. खुर्चीच्या मागे चिकट कागदांचा ढीग होता आणि मुंग्यांची रांग अगदी शिस्तीत लिव्हरवरून चालली होती. "पतंगा," शिट्टी म्हणाला, "त्यांना लायसन्स काढून दे. तुझ्यापेक्षा सरळ चालवतात." पतंगराव त्यावर पोट धरून हसले. चांगले दिवस होते ते. पुढे ज्याचा त्रास झाला त्याचं मूळ त्याच दिवसांत होतं, पण ते तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

क्रेनवाल्यांची दरवर्षी तपासणी होते. अशाच एका तपासणीत डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. पतंगरावांनी त्या इमानानं सुरू केल्या. औषधाची गोळी पाण्याबरोबर आणि वर चव जावी म्हणून संत्र्याची. तपासणी जवळ आली की ते दोन दिवस गोड बंद करायचे, आकडा बरा यायचा, आणि तपासणीच्या खोलीतून बाहेर पडता पडता खिशात हात जायचा.

लेक तोवर एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला लागली होती. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. तिनं एकदा बापाचं रक्त स्वतः काढलं आणि मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करून घेतली. त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात शिरली. बरण्या, डबे, बिस्किटांचे पुडे, जॅम, सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं.

"हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या.

"आई, बाबांचं रक्त नाही ते, पाक झालाय. डोळे जातील त्यांचे. मूत्रपिंड जाईल. रोज बघते मी तिथे."

"अगं, पण एकदम सगळं बंद..."

"दारू एकदमच सोडली ना त्यांनी? मग हेही सोडतील."

पतंगराव दारात उभे राहून ऐकत होते. "सोडतो," ते म्हणाले. त्यांनी खिशातल्या गोळ्याही काढून पिशवीत टाकल्या. लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बघून त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

तो अभिमान दुसऱ्या दिवशी कामावरून उतरेपर्यंत टिकला. शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर त्यांना ते जाणवलं. भूक नव्हती, डबा पोटभर खाल्लेला होता. ते जिभेखालून सुरू झालं, जबड्यात आलं आणि मग सगळ्या अंगात किडे चालल्यासारखं झालं. शिट्टी काहीतरी सांगत होता, त्याचा प्रत्येक शब्द टोचत होता. त्याचं बोलणं मध्येच तोडून पतंगराव चालू लागले. गेटाबाहेर पडले. आणि पाय त्यांना न विचारता रस्ता ओलांडून बारच्या दारात जाऊन उभे राहिले.

दार तेच होतं. आतला वासही तोच. गल्ल्यावरचा माणूस नवा होता, त्यानं "या ना काका," म्हटलं. पतंगराव किती वेळ तिथे उभे होते ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग ते वळले आणि जवळजवळ पळतच घरी आले.

"मी तिथे गेलो होतो," ते वहिनींना म्हणाले. "आत नाही गेलो. पण गेलो होतो."

वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. नवरा समोर उभा होता, हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, आणि त्यांना एकदम तो जिना दिसला, ओलांडून जाणारे पाय दिसले. लेकीनं घरातलं सगळं नेलं होतं, पण पाहुण्यांच्या चहासाठी म्हणून वाटीभर साखर मागे ठेवली होती. वहिनींनी ती वाटी काढली, त्यात चमचा घातला आणि नवऱ्यापुढे धरली.

"खा," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नका. मला त्या दिवसांत परत जायचं नाही."

पतंगरावांनी उभ्याउभ्या साखर खाल्ली. दातांखाली ती करकरत होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

त्यानंतर घरात दोन संसार सुरू झाले. लेक घरात असेल तेव्हा बिनसाखरेचा चहा, उकडलेल्या भाज्या, आणि ती कामावर असेल तेव्हा कपाटात चादरींच्या मागची बरणी. वहिनींना काय चुकतंय ते कळत नव्हतं असं नाही. त्या रोज मनात तराजू धरायच्या. एका पारड्यात उद्याचं आंधळेपण, दुसऱ्यात आजचा जिना. उद्याचं त्यांनी बघितलेलं नव्हतं, आजचं बघितलेलं होतं. लेकीचं लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तेव्हा चोरी आणखी सोपी झाली.

मग पतंगरावांना केबिनच्या काचेवर एक केस दिसू लागला.

बारीक, वळलेला, काळा केस. ते फडक्यानं काच पुसायचे, केस जायचा नाही. खाली सांगून त्यांनी काच बाहेरून धुवून घेतली. तरी तो तिथेच. शेवटी एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की ते डावीकडे बघतात तेव्हा केसही डावीकडे जातो. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फडकं मात्र हातात ठेवलं, आणि खालून कुणी विचारलं तर काच पुसत राहिले.

ज्या दिवशी ते सगळं झालं त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. पतंगरावांनी जहाजातून कंटेनर उचलला होता, धक्क्याच्या बाजूला आणला होता, आणि खाली ट्रक जागेवर येत होता. तेवढ्यात तो केस फुटला. पाण्यात शाई पडावी तसा काळा धूर उजव्या डोळ्यात पसरला. डावा डोळा आधीच अंधुक होता, हे त्यांना उजवा गेल्यावर कळलं. पायांच्या मधली काच, ट्रक, माणसं, सगळं राखाडी झालं.

"शिट्टी," ते वायरलेसवर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मला दिसत नाही."

"ऊन आलं का डोळ्यावर?"

"नाही रे. दिसत नाही."

शिट्टी जुना माणूस होता. "लिव्हर सोड," तो म्हणाला. "हात मांडीवर ठेव. आता कशालाही हात लावू नकोस." मग त्यानं ट्रक मागे घ्यायला लावला, खालची माणसं हाकलली. कंटेनर वाऱ्यावर किंचित हलत तसाच लटकत राहिला, जोवर दुसरा ऑपरेटर वर चढून पतंगरावांच्या खुर्चीत बसला नाही तोवर. उतरताना शिट्टी त्यांच्या एक पायरी खाली होता. प्रत्येक पायरीला तो त्यांचा बूट हातानं धरून लोखंडावर ठेवायचा. "हां. आता डावा. हां." अर्ध्या वाटेत पतंगराव थांबले आणि शिडीला कवटाळून म्हणाले, "एखादी गोळी आहे का रे तुझ्याकडे?"

शिट्टीनं हे पुढे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या होत्या, सगळं समजावून सांगणाऱ्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. लेझर झालं, डोळ्यात सुया झाल्या, एक शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा परत आला नाही. डाव्यात इतकं उरलं की दारात कुणी उभं आहे हे कळायचं, कोण आहे हे आवाजावरून.

"तुम्ही दारू सोडलीत हे फार मोठं काम केलंत," एका भेटीत डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आत जी मागणी होती ती कुठे गेली नाही. तिनं फक्त दुकान बदललं. बऱ्याच लोकांचं होतं असं. गोड खाल्लं की मेंदूला तीच शाबासकी मिळते, आणि तो रोज त्याच वेळी हात पुढे करतो."

"पण मला भूक नसते हो."

"ती भूक नाहीच. ती कधी येते ते बघा. कुठल्या वेळी, कशाच्या मागोमाग."

पतंगरावांनी यावर बरेच दिवस विचार केला. दुसरं काही करण्यासारखं उरलंही नव्हतं. नोकरी गेली होती, घरी खिडकीपाशी खुर्ची टाकून ते बसायचे. एका संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या तेव्हा ते बोलू लागले.

"तो ट्रक आठवतो? चेपलेला?"

"त्याचं काय आता?"

"त्या दिवसानंतर मला वर भीती वाटायची. रोज. प्रत्येक वेळी कंटेनर खाली घेताना वाटायचं, या खेपेला आत माणूस आहे. दिवसभर दात आवळलेले असायचे माझे. संध्याकाळी शिडी उतरायचो, शेवटच्या पायऱ्यांवर यायचो, की वाटायचं, चला, आज कुणी मेलं नाही. आणि मग गोळी तोंडात टाकायचो. ती गोळी म्हणजे... ती लागायचीच गं तेव्हा."

वहिनींच्या हातातला सदरा तसाच राहिला. या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली, आणि तो रोज सकाळी जीव मुठीत धरून वर चढतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला बोलला का नाहीत?"

"क्रेनवाल्याला भीती वाटते असं बाहेर कळलं तर उतरवतात. आणि तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, परत पिणार हा."

हे खरं होतं. वहिनींना तसंच वाटलं असतं.

दोघांनाही त्या संध्याकाळी हलकं वाटलं. गाठ सापडली, आता सुटेल असं वाटलं. आता क्रेन नाही, भीती नाही, मग गोडाचं कामच काय? पण दुसऱ्या दिवशी ऊन कललं, रस्त्यावर कामावरून परतणाऱ्यांची पावलं वाजू लागली, आणि जिभेखाली ते पुन्हा सुरू झालं. कारण कळलं म्हणून ते थांबलं नाही. त्याला कारणाची गरजच उरली नव्हती. घर सोडून गेलेल्या मालकाच्या दारात कुत्रं रोज येऊन बसावं तसं ते त्या वेळेला येऊन बसायचं.

तरी ते लढले. हे सांगायला हवं, कारण नंतर लोकांनी नुसतं "तोंडावर ताबा नव्हता" एवढंच म्हटलं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. दुपारी वेळेवर पोटभर जेवण, मध्ये मूठभर शेंगदाणे, आणि हुक्की आली की तिच्याशी न भांडता ती ओसरेपर्यंत थांबणं. ती लाटेसारखी चढते आणि उतरते, कायम वर राहत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. वहिनींनी चादरींच्या मागची बरणी स्वतः बाहेर काढली आणि लेकीला फोन करून सगळं कबूल केलं. लेक म्हणाली, "मला संत्र्याचा वास यायचा आई, बाबांच्या तोंडाला. मी विचारलं नाही. मलाही तो जिना आठवतो."

संध्याकाळ झाली की पतंगराव वहिनींचं मनगट धरून बसायचे. जोर वाढला की पकड घट्ट व्हायची, ओसरला की सैल. वहिनींच्या हातावर वळ उठायचे, पण त्यांनी तो हात मागे घेतला नाही. शिट्टी अधूनमधून यायचा आणि यार्डातल्या गप्पा रंगवून सांगायचा, म्हणजे तेवढा वेळ निभायचा. लेक रक्त घेऊन जायची. आकडा उतरत होता. एकदा तर तिनं फोनवर तो ओरडूनच सांगितला. त्या दिवशी घरात हसण्याचा आवाज आला.

आणि मग डाव्या डोळ्यातही धूर पसरला.

"आम्ही सगळं केलं," वहिनी डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "एक दाणा नाही दिला साखरेचा. विचारा यांना."

"मला माहीत आहे. रिपोर्टमध्ये दिसतंय." बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे नुकसान आत्ताचं नाही. कितीतरी वर्षांचं साठलेलं आहे. तुम्ही केलंत त्यानं बाकीचं शरीर वाचेल. मूत्रपिंड, पाय. हे सोडू नका."

घरी आल्यावर पतंगराव खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मूत्रपिंड वाचवून काय करू? त्यानं दिसतं का?"

त्या संध्याकाळी त्यांनी मनगट धरलं नाही. चाचपडत स्वयंपाकघरात गेले, फळ्यांवरून हात फिरवत राहिले. वहिनी म्हणाल्या, "काही नाही घरात. बसा. उतरेल आत्ता."

"दे."

"नाही म्हटलं ना. बसा इथे, मी हात धरते."

तेव्हा पतंगराव ओरडले. पिण्याच्या दिवसांत ज्या माणसाचा आवाज जिन्यात कधी ऐकू आला नव्हता, तो माणूस असा ओरडला की समोरच्या घराचं दार उघडलं आणि पुन्हा बंद झालं. वहिनींना त्यांनी नको नको ते सुनावलं. तूच पहिली गोळी घातलीस, तूच डोळे घेतलेस माझे, आणि आता शहाणपण शिकवतेस. फळीवरचे डबे खाली आले. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ज्या भीतीपायी त्यांनी इतकी वर्षं साखर दिली होती, ती आज दारूचा थेंब नसताना त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिच्या तोंडून निघालेलं सगळंच काही खोटं नव्हतं.

मग वहिनी शेजारणीकडे गेल्या आणि वाटीभर साखर मागून आणली.

लेक दुसऱ्या दिवशी आली. फुटलेली फळी, आईचे सुजलेले डोळे आणि ओट्यावरची रिकामी वाटी, तिला सगळं कळलं. भांडायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मग आईशेजारी बसून डबे पुसू लागली.

"माझ्याकडे नेऊ का त्यांना?" तिनं विचारलं.

"तुझ्यावरही ओरडतील. तुझं मूल लहान आहे."

"मग काय करायचं?"

बाहेरच्या खोलीत पतंगराव जागे होते, ऐकत होते. लेक निघताना त्यांनी तिचा हात धरला आणि तिच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिले.

लेक गेल्यावर ते वहिनींना म्हणाले, "आज देऊ नकोस. मी काहीही बोललो तरी देऊ नकोस. तो मी नसतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

ऊन कललं. पतंगरावांनी आधी चांगल्या शब्दांत मागितलं, मग रडून मागितलं, मग ते ओरडले. वहिनी गॅलरीत जाऊन दार लावून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरून माणसं घरी परतत होती. कठडा धरून त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, आतला आवाज दमून बसेपर्यंत. मग आत येऊन त्यांनी नवऱ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्याला जेवायला वाढलं. त्या दिवशी त्यांनी साखर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दिली.